चिंग दाईने गुण येतो, मग डॉक्टर तिचं नाव का काढू देत नाहीत?

रानजाई: नऊ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, आहे मला. दिवसातून बारा-बारा वेळा जाणं, रक्त पडणं, स्टिरॉइड कमी केलं की पुन्हा पहिले पाढे. चिनी झाडपाल्याची टर उडवणाऱ्यांनी 2018 साली छापून आलेली जपानची चाचणी वाचावी. चिंग दाई म्हणजे एक प्रकारची नीळ. पाला पाण्यात भिजत घालून चुना मिसळतात, घुसळतात आणि वर आलेला निळा फेस वाळवतात. 86 रुग्ण, 8 आठवडे. औषध नसलेल्या कॅप्सूलवर जेमतेम 14 टक्क्यांना उतार पडला, रोज 2 ग्रॅम चिंग दाई घेणाऱ्यांपैकी 81 टक्क्यांना. इतका फरक दिसूनही विषयच नको म्हणणं मला पटत नाही.

खलबत्ता: ताई, फार्मसीत आयुष्य गेलं माझं, म्हणून कळकळीने सांगतो. तीच चाचणी ठरलेले रुग्ण भरायच्या आत थांबवावी लागली. बाहेर आपल्या मनाने चिंग दाई घेणाऱ्याला फुप्फुसांच्या धमन्यांतला रक्तदाब वाढल्याचं निघालं. डिसेंबर 2016 मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इशाराच काढला. आणि वाचणाऱ्यांनो, कपड्यांची नीळ कुणीही पोटात घेऊ नका!

रानजाई: इशारा वाचलाय मी. चिंग दाई बंद केल्यावर सुधारलेले रुग्णही आहेत. कोलायटिसवरच्या अ‍ॅझाथायोप्रिन या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, तरी ते देतातच ना? दर काही आठवड्यांनी रक्त तपासतात. हिलाही तोच नियम लावा, हृदयाचा इको काढा, पण दार बंद करू नका.

ओलंकिराईत: आमच्याकडे तळकोकणात किराईताचा काढा घरोघरी असतो. चीनमध्येही ते औषधी आहे. कोलायटिसवर त्याच्या अर्काची 224 जणांवर चाचणी झाली: 1800 मिलिग्रॅमवर 60 टक्क्यांना फरक, औषध नसलेल्या गोळीवर 40. आम्ही हरखलो होतो. पुढची मोठी चाचणी मात्र उपयोग दिसेना म्हणून मध्येच आवरली. ताई, 86 जणांवरून एवढी खात्री धरू नका.

खलबत्ता: मला तर गुण येतो हे मान्यच आहे, भीती त्याचीच वाटते. निळीतले इंडिगो, इंडिरुबिन पेशीतल्या एएचआर या ग्राहीला (रसायन पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात, आतड्याचं अस्तर भरून यायला मदत होते. इतकं जोरकस रसायन 'नैसर्गिक' म्हणून डबीत विकायचं, आत किती आहे त्याचा पत्ता नाही, हे मला मुळीच मान्य नाही. इको काढायचा तर तो सांगणार कोण? दुकानदार? तुम्ही घेताय का सध्या? जिना चढताना दम लागतो?

रानजाई: दम नाही लागत. डबी मागवली होती, अजून सील फोडलेलं नाही. लेबलवर ग्रॅम लिहिलेलेच नाहीत, हे तुम्ही म्हणालात तेव्हा उलटून पाहिलं. माझं म्हणणं सोडत नाही मी, पण शुक्रवारी डॉक्टरांकडे जाताना डबी पिशवीत टाकते. नाव काढायचं तर त्यांच्यासमोरच काढते.