अनुभव हवेत: होस्टेल की मावशीचं घर? कॅम्पसवर राहून तुम्हाला काय मिळालं?

हडपसरची_मावशी
माझ्या भाचीला पुणे विद्यापीठात एमएस्सीला अ‍ॅडमिशन मिळाली, साताऱ्याहून येतेय. ताईचं म्हणणं पुण्यात सख्खी मावशी असताना पोरगी होस्टेलला का राहील, लोक काय म्हणतील. मी म्हणते राहू दे की माझ्याकडे, पण मी हडपसरला आणि हिला रोज जायचंय गणेशखिंडीला, बस बदलून दीड तास धरून चाला आणि युनिव्हर्सिटी चौकात अडकलं तर त्याच्यावर. पोरगी स्वतः काही बोलत नाही, नुसती माझ्याकडे बघते. मी कधी होस्टेलला राहिलेली नाही, माहेरून थेट सासरी. तोटे सगळे नातेवाईक रोज फोनवर सांगतायत, तेव्हा तुम्ही फायदे सांगा. आणि खरे सांगा, ते पर्सनॅलिटी डेव्हलप होते वगैरे नको.

गणेशखिंड०६
मावशी, मी तिथलाच. २००६ ते ०८, एमए मराठी. सावित्रीबाईंचं नाव लागायचं होतं तेव्हा, ते २०१४ ला लागलं, आम्ही आपलं नुसतं युनिव्हर्सिटी म्हणायचो. मोठ्ठा फायदा म्हणजे सगळं चालत. जयकर लायब्ररी चालत, डिपार्टमेंट चालत, चहा चालत. आणि चालत असलं की काय होतं, ज्या गोष्टीसाठी माणूस घरून दोन बस बदलून कधीच येणार नाही तिथे आपण सहज जाऊन बसतो. आयुका, म्हणजे ती खगोलशास्त्राची संस्था, कॅम्पसमध्येच आहे. मी मराठीवाला, गणिताशी संबंध दहावीला संपला, पण रूममेट फिजिक्सचा. तो एकदा जेवण झाल्यावर म्हणाला चल, एक लेक्चर आहे. गेलो. लेक्चर पूर्ण डोक्यावरून. पण तिथे फुकोचा लंबक टांगलाय, त्याच्यासमोर उभं राहून त्याने सांगितलं की बघ, लंबक आपल्या रेषेत झुलतोय, खाली जमीन फिरतेय म्हणून तो सरकल्यासारखा दिसतो. अर्धा तास उभा होतो मी. बाहेर चौकात न्यूटन, आइनस्टाईन, गॅलिलिओ आणि आपला आर्यभट असे पुतळे आहेत, त्यांच्याजवळ बसून परत शंका विचारल्या. बदल्यात मी त्याला महानुभावांचं गद्य वाचून दाखवलं, तो झोपला.

दुसरं, घरची परिस्थिती बेताची होती म्हणून कमवा व शिका मध्ये नाव घातलं. सकाळी बागेत पाणी घालायचं, गवत काढायचं, तासाप्रमाणे पैसे. सातला खुरपं हातात, नवाला आंघोळ, दहाला वर्गात. हे तिथे राहत होतो म्हणून जमलं, हडपसरहून सातला कोण पोचतंय.

हडपसरची_मावशी
खुरप्याचं ताईला वाचून दाखवलं. म्हणाली घरी कधी स्वतःचं ताट उचललेलं नाही हिने.

कर्जत_स्लो
मी उलट बाजूने लिहितो, कारण मी कॅम्पसवर नव्हतो. कर्जतहून मुंबईला पाच वर्षं अप-डाऊन. येऊन-जाऊन साडेचार पाच तास लोकलमध्ये. अभ्यास तिकडेच होतो असं लोकांना सांगायचो, खरं तर अंबरनाथपर्यंत झोप आणि पुढे उभं. मार्क बरे पडले, तक्रार नाही. पण आमच्या कॉलेजचं नाटक असायचं एकांकिका स्पर्धेला आणि तालीम सुरू व्हायची संध्याकाळी सातला, संपायची कधी ते कोणालाच माहीत नाही. पहिल्या वर्षी माझी निवड झाली होती. छोटंच काम, पोस्टमन, चार वाक्यं. तिसऱ्या दिवशी तालमीतून धावत सुटलो, शेवटची कर्जत गेली, रात्र सीएसएमटीला बाकावर काढली. घरी आईने जे काय बोलायचं ते बोलली आणि मी काम सोडलं. होस्टेलवाल्या एका पोराला दिलं ते. तो आता मालिकांत दिसतो अधूनमधून. मी टीव्ही बंद करत नाही, पण चॅनल बदलतो.

चंद्रभागेतीरी
आमची दिल्ली, जेएनयू. तिथे होस्टेलांना नद्यांची नावं आहेत. गंगा, झेलम, सतलज, पेरियार, गोदावरी, कोयनासुद्धा. मला मिळालं चंद्रभागा. आता गंमत बघा, माझ्या दिल्लीला जाण्याला घरात सगळ्यात जास्त विरोध आजीचा, माळकरी बाई, दर आषाढीला पायी. तिला फोनवर म्हटलं आजी, चंद्रभागेत खोली मिळाली. पलीकडे दोन मिनिटं आवाज नाही. मग म्हणाली, बरं मग, रोज सकाळी हात जोडत जा. त्या दिवसापासून विरोध बंद. चिनाबलाही चंद्रभागा म्हणतात हे मी तिला सांगितलं नाही.

फायदा म्हणाल तर रात्रीचं जेवण. म्हणजे जेवण यथातथाच, पण ताटं उचलली की बाकं सरकवायची आणि त्याच मेसमध्ये कोणाचं तरी व्याख्यान. कधी प्राध्यापक, कधी कुठला कार्यकर्ता, कधी निवडणुकीची भाषणं. माझं हिंदी आमच्या बार्शीचं. पहिल्या सेमिस्टरला तीनदा हात वर करून खाली घेतला. चौथ्यांदा उठलो आणि म्हटलं "मेरेको एक पूछना है". कोणी हसलं नाही, एक नांदेडचा होता तो तेवढा हसला, आणि वक्त्याने दहा मिनिटं सविस्तर उत्तर दिलं. तो प्रश्न नंतर माझ्या एमफिलचा विषय झाला. ढाब्यावरून परत येताना मध्येच नीलगाय आडवी यायची, पहिल्यांदा वाटलं कोणाचं तरी घोडं सुटलंय.

कोयकलम
दापोली, कृषी विद्यापीठ, बीएस्सी अ‍ॅग्री. मी यवतमाळचा. पाऊस म्हणजे काय ते तिथे समजलं बा, जूनमध्ये धुतलेली जीन्स गणपतीपर्यंत ओलीच.

माझं म्हणणं एकच, शेतीचं शिक्षण वर्गात होतच नाही आणि प्रॅक्टिकलच्या दोन तासातही होत नाही. कोय कलमाचं प्रॅक्टिकल होतं. कोय रुजून आलेलं रोप घ्यायचं, पानं अजून तांबूस असतात, देठ इतका कोवळा की नख लागलं तरी जखम होते. ते वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला दोन्हीकडून तिरपे काप देऊन पाचर करायची, चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी गच्च गुंडाळायची. प्रत्येकी पाच कलमं. माझी पाचही मेली. बाकीच्यांना हे समजलं पण नसेल कारण मार्क त्याच दिवशी पडतात, झाड जगलं की मेलं हे दोनतीन आठवड्यांनी कळतं. मी होस्टेलला होतो म्हणून रोज सकाळी नर्सरीत चक्कर मारायचो, म्हणून मला कळलं. तिथल्या माळीकाकांनी माझा चाकू हातात घेतला आणि म्हणाले "अरे बाबू, करवत चालवतोस काय, एका झटक्यात खेच, दुसऱ्यांदा पातं लावलंस की काप वाकडा." मग महिनाभर रोज सहा ते साडेसात त्यांच्याशेजारी पोतं टाकून बसायचो. पावसात, डोक्यावर इरलं, कोकणात ते अजून मिळायचं तेव्हा. पुढच्या वीसातली अकरा जगली. ज्या दिवशी पहिल्या काडीला कोंब फुटला त्या दिवशी सगळ्या मजल्याला चहा पाजला, पोरांना वाटलं पोरगी पटली.

आज माझी स्वतःची नर्सरी आहे. तिकडे यवतमाळकडेच. लोक हसतात, बे इथे कुठे हापूस, पण मी हापूस लावतच नाही, केशर लावतो.

साडेसातची_घंटा
सगळे पुरुषच लिहितायत म्हणून लिहिते. मीही कॅम्पसवरच राहिले, नाव सांगत नाही कुठल्या. लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी आणि आमच्या वसतिगृहाचं गेट साडेसातला बंद. मुलांचं उघडं. म्हणजे चालत पाच मिनिटांवर लायब्ररी असून आम्ही खोलीत. लेट झालं की रजिस्टरमध्ये कारण लिहायचं, आणि कारण म्हणून "अभ्यास" लिहिलं तर बाई वर बघायच्या. दिल्लीत २०१५ ला मुलींनी पिंजरा तोड नावाचं आंदोलन सुरू केलं ते याच गोष्टीवरून. तेव्हा मावशी, आधी गेटची वेळ विचारा, मग फायदे मोजा.

एवढं बोलून झाल्यावर, फायदा होताच. गेट बंद झाल्यावर आम्ही चाळीस जणी आत. जिन्यात बसून स्टॅटिस्टिक्स मला एका लातूरच्या मुलीने शिकवलं, तिला इंग्लिश मी. आणि पाळीच्या दुखण्याबद्दल घरी कधी तोंड उघडलं नव्हतं, तिथे पहिल्यांदा कळलं की एवढं दुखणं नॉर्मल नसतं, डॉक्टरकडे जायचं असतं. खोलीतलीच घेऊन गेली मला.

गणेशखिंड०६
गेटचा मुद्दा बरोबर आहे. आम्हाला तो कधी दिसलाच नाही, कारण आमचं उघडं होतं.

पॅरासाईट_नं_१
अधिकृत लोक खूप झाले, आता माझ्यासारख्याचं ऐका. ज्याला रूम अलॉट झाली नाही आणि जो मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहतो त्याला होस्टेलात पॅरासाईट म्हणतात. मी सव्वा वर्ष पॅरासाईट. बाहेर कॉट बेसिसवर राहायलाही पैसे नव्हते. नियमाविरुद्ध होतं, माहितीय, समर्थन करत नाही. चेकिंग आलं की गादी गुंडाळून गच्चीवर. एकदा रेक्टर सर समोरच आले, मी चक्क "गुड मॉर्निंग सर" म्हणून त्यांच्याबरोबर दोन जिने उतरलो. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आम्ही चौघांनी मिळून एकेकच घेतली होती. ज्याला पहाट जमते तो पहाटे वाचणार, मला रात्र जमायची. एक सेट, चौघे, आणि लाईट चोवीस तास चालू. चौघांपैकी दोघे लागले. मी त्यात नाही. पण लागलेल्यातला एक जण अजून माझ्या मुलीच्या वाढदिवसाला पुस्तकांचं खोकं पाठवतो, वर लिहितो "भाडं".

पवई_विंग
आयआयटी मुंबई. बिबट्या, तलावातली मगर हे किस्से सगळ्यांना माहीत आहेत, सोडा. मला डेंग्यू झाला तेव्हा विंगमधल्या पोरांनी दाराला कागद चिकटवला होता, दर दोन तासांनी कोण पाणी देणार त्याचा. ज्या पोराशी माझं बोलणं बंद होतं त्याचंही नाव त्यात, पहाटे चारला. आला, ग्लास ठेवला, न बोलता गेला. चार रात्री.

थंडीतली_फोडणी
इंग्लंडला मास्टर्स. डिसेंबरात चारला अंधार पडतो, तेव्हा कॅम्पसवर खोली असण्याची किंमत कळते, लायब्ररीतून निघून तीन मिनिटांत घरात. तोटा एवढाच की जिरं-मोहरी तडतडली की फायर अलार्म वाजतो. एकदा रात्री दहाला सगळी बिल्डिंग माझ्या आमटीमुळे थंडीत बाहेर. पण त्या फजितीत मजल्यावरच्या सगळ्यांशी ओळख झाली, त्याआधी तीन महिने नुसतं हाय-बाय.

हडपसरची_मावशी
सगळ्यांचे आभार. काल भाचीला बसवून सगळं वाचायला दिलं. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न, मावशी गेट किती वाजता बंद होतं ते आपण जाऊन विचारूया का. गेलो, विचारलं, जमण्यासारखं आहे. फॉर्म भरला. ताईने अट घातलीय, दर रविवारी माझ्याकडे जेवायला. आता सामान काय काय द्यायचं ते सांगा, ताई पितळेचा तांब्या देतेय.

गणेशखिंड०६
तांब्या नको, जाईल. बादली झाकणाची घ्या, पाणी गेलं की कळेल का ते. लिस्ट लागेपर्यंत बाहेर कुठे डिपॉझिट भरू नका.

पॅरासाईट_नं_१
आणि तीन किल्ल्यांचं कुलूप. एक तिची, एक रूममेटची, एक तुमच्याकडे. तिची हरवणारच.

हडपसरची_मावशी
कुलूप उद्याच आणते. तांब्याचं ताईला कोण सांगणार?