‘कुपत होलीम’ला मराठीत काय म्हणावं?

वैशाली: इस्रायलच्या १९९४ च्या राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्यावर लेख लिहितेय. प्रत्येक रहिवासी चारपैकी एका ‘कुपत होलीम’चा (आरोग्य विमा आणि दवाखाने चालवणारी संस्था) सभासद, कितीही आजारी असला तरी त्याला नाकारता येत नाही. मी ‘रुग्णनिधी’ लिहिलं. मैत्रिणीची आई अश्दोदला असते, बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली), माहेर अलिबागकडचं. काकूंचा लगेच फोन: “निधी कसला गं? सकाळीच कुपतमध्ये रक्त तपासायला देऊन आले.” त्यांच्या लेखी कुपत म्हणजे दवाखाना. काय करू?

परिमल: मुळाकडे जा. हिब्रूत ‘कुपा’ म्हणजे टोपली. ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथात गरिबांसाठी गावाची कुपा असते. वर्गणी दोघांनी गोळा करायची, कारण लोकांवर एकट्याची सत्ता नको. वाटायची मात्र तिघांनी; कुणाला किती द्यायचं हा न्यायनिवाडा, आणि निवाड्याला तिघं लागतात. ‘धर्मादाय निधी’ लिहा.

वैशाली: ‘धर्मादाय’ नकोच वाटतं. ‘त्सेदाका’ला आपण दान म्हणतो, पण तो शब्द ‘त्सेदेक’वरून आला, म्हणजे न्याय. घेणाऱ्याचा तो हक्क आहे. कायद्याचं पहिलं कलमही न्याय, समता आणि परस्पर सहाय्य हीच तत्त्वं सांगतं.

सह्याद्रीकर: परस्पर सहाय्य कशाला, ‘सावड’ म्हणा! पाटणला आजोबांचे बैल तीन दिवस शेजाऱ्याच्या रानात, मग त्याचे आमच्याकडे. पुस्तकी शब्दांपेक्षा हा किती जिवंत आहे.

परिमल: शब्द गोड आहे, पण सावडीत दिवस मोजतात. इथे कमाईप्रमाणे भरायचं आणि गरजेप्रमाणे घ्यायचं. डायलिसिसवरचा माणूस कुणाचे बैल परत करणार?

शुद्धमती: दोघांनीही ‘सहाय्य’ लिहिलंय. नाम ‘साहाय्य’ आहे. कायद्याचं भाषांतर करताय, निदान एवढं तरी सांभाळा.

सह्याद्रीकर: वर्तमानपत्रांत सर्रास ‘सहाय्य’ छापतात. लोक लिहितात तीच भाषा.

शुद्धमती: लोक चुकतात, म्हणून चूक नियम होत नाही.

वैशाली: काकूंना पुन्हा विचारलं. म्हणाल्या, “आम्ही सिनेगॉगला पिढ्यान्‌पिढ्या मशीद म्हणत आलो, मराठी अडली का? कुपतला कुपतच लिही.”

परिमल: मुंबईच्या मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली स्थापन झालेलं शार हरहमीम आहे, बेने इस्रायलांची जुनी मशीद.

सह्याद्रीकर: खरंच? आम्ही तर ते झकेरिया मशिदीवरून समजत होतो. यावर वेगळा धागा काढा.