पूले-मालासी : आलाँसोंचा मुद्रक आणि बोदलेरचा प्रकाशक

प्रश्न
फ्रेंच कवी बोदलेरच्या 'ले फ्लर द्यु माल' ('पापाची फुले') या कवितासंग्रहावरील १८५७ च्या खटल्याविषयी वाचताना असे दिसले की, कवीला ३०० फ्रँक दंड झाला आणि प्रकाशक ओग्युस्त पूले-मालासी व त्याचा भागीदार असलेला मेहुणा द ब्रुआज यांना प्रत्येकी १०० फ्रँक. या प्रकाशकाने खळबळ उडवून पैसा मिळवण्यासाठीच हे पुस्तक काढले होते काय?

पहिला प्रतिसाद
मला तसे वाटत नाही. पूले-मालासी १८२५ मध्ये फ्रान्समधील आलाँसों या गावी मुद्रकांच्या घराण्यात जन्मला आणि पॅरिसच्या एकोल दे शार्तमध्ये जुन्या दस्तऐवजांचा अभ्यास करू लागला. १८४८ च्या जूनमधील पॅरिसच्या कामगारांच्या उठावात त्याला अटकही झाली होती. फेब्रुवारी १८५७ मध्ये हस्तलिखित हाती आल्यापासून जूनपर्यंत बोदलेर प्रुफांवर इतके फेरफार करत राहिला की, जुळवलेले खिळे पुन्हा पुन्हा मोडावे लागले. केवळ नफ्यासाठी छापणाऱ्या मुद्रकाने हे सोसले नसते. शिवाय १८१० पासून फ्रान्समध्ये छापखान्याला सरकारी परवाना लागे आणि गुन्हा सिद्ध झाल्यास तो काढून घेता येई. म्हणजे त्याने पणाला लावली होती ती घराण्याची उपजीविका. निकालानंतर आक्षेपार्ह ठरलेल्या सहा कवितांची पाने शिल्लक प्रतींतून कापून काढण्याची वेळ त्याच्यावर आली, आणि मला तरी ही गोष्ट दंडापेक्षा अधिक क्लेशकारक वाटते.

दुसरा प्रतिसाद
वरील मत बहुतांशी मान्य आहे, परंतु त्याला निष्कलंक ठरवण्याची घाई करू नये. १८६२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, कर्जापायी तुरुंगवास घडला, आणि १८६३ मध्ये ब्रुसेल्सला गेल्यावर त्याने चोरून विकली जाणारी कामुक पुस्तकेही छापली. त्यामागे पोटाची गरज होती हे उघड आहे. दिवाळ्याचा दोष मात्र खटल्यावर ढकलता येत नाही, कारण तो आणि बोदलेर एकमेकांच्या नावे हुंड्या काढून जुन्या हुंड्या फेडत असत आणि त्यामुळे देणे वाढतच गेले.

तिसरा प्रतिसाद
ब्रुसेल्समध्येच त्याने १८६६ मध्ये त्या सहा कवितांसह 'लेझ एपाव्ह' हा बोदलेरचा संग्रह बेल्जियन चित्रकार फेलिसियाँ रॉप्सच्या मुखचित्रासह काढला. प्रती होत्या अवघ्या २६०, म्हणून यात मोठ्या कमाईचा हिशेब असेल असे मला वाटत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये बेल्जियममधील नामूरच्या चर्चमध्ये बोदलेर कोसळला तेव्हा रॉप्स आणि पूले-मालासी त्याच्यासोबत होते. त्या सहा कवितांवरील निकाल फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो १९४९ मध्ये. पूले-मालासी १८७८ मध्येच वारला होता.