जुना २३ चॅनेलचा सीबी: ऐकू सगळीकडे येतं, ट्रान्समिट मात्र काही चॅनेलवर बंद

खरखर२७:
गाडीत बसवायचा जुना अमेरिकन सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे २७ मेगाहर्ट्झवर बोलायचा रेडिओ) सेट आहे. फक्त एएम, २३ चॅनेल. आत पीएलएल (एका क्रिस्टलवरून सगळे चॅनेल बनवणारं सर्किट) वगैरे काही नाही, क्रिस्टलची अख्खी रांग आहे. पीएचा (पब्लिक अ‍ॅड्रेस, माईकचा आवाज थेट बाहेरच्या स्पीकरवर) स्विच आहे. सध्या न्यू जर्सीत टेबलावर १३.८ व्होल्टच्या सप्लायवर चालवतोय.

ऐकू सगळ्या २३ चॅनेलवर नीट येतं. माईकचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो, रिले टक् करतो, स्पीकर गप्प होतो. पण १९ वर वॅटमीटरचा काटा जागचा हलत नाही. ३ आणि ७ वरही तेच. १, २, ४, ५, ६ वर साधारण दीड वॅट मिळतात, बाकीचे तपासले नाहीत. शिवाय दुसऱ्या सेटवर माझा आवाज बारीक आणि दबका येतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) १.४ आहे, म्हणजे ठीक.

दोघांनी सांगितलं फायनल (अँटेनाला पॉवर देणारा शेवटचा) ट्रान्झिस्टर गेलाय. एक जण म्हणतो कॉइलचे गाभे फिरव, पॉवर वाढेल. फायनलसाठी २एससी१९६९ ट्रान्झिस्टर मागवू का? पुढेमागे सेट पुण्याला न्यायचा विचार आहे.

सोल्डरगन:
फायनलला हात लावू नका. त्याला चॅनेल कळत नाहीत. गेला असता तर २३ च्या २३ वर गेला असता. आता ११ आणि १५ तपासा. तेही बंद निघतील बघा.

अमेरिकेत १ जानेवारी १९७७ पासून ४० चॅनेल झाले. त्याआधीच्या बऱ्याच सेटमध्ये १४ क्रिस्टलवर सगळा कारभार चालायचा: ३७ मेगाहर्ट्झच्या घरातले ६, ट्रान्समिटचे ४, रिसीव्हचे ४. नेहमीच्या मांडणीत मोठे सहा ३७.६०० पासून ३७.८५० पर्यंत, ५० किलोहर्ट्झच्या टप्प्याने. ट्रान्समिटचे चार म्हणजे १०.६३५, १०.६२५, १०.६१५ आणि १०.५९५. मोठ्यातून छोटा वजा केला की चॅनेल मिळतो. ३७.६०० मधून १०.६३५ गेले की २६.९६५, म्हणजे चॅनेल १. ३७.८०० मधून १०.६१५ गेले की २७.१८५, म्हणजे तुमचा १९.

१०.६१५ चा क्रिस्टल फक्त ३, ७, ११, १५ आणि १९ ला लागतो. या पाचांवर ऐकू येतंय, म्हणजे त्यांचे ३७ चे क्रिस्टल धडधाकट आहेत, ते रिसीव्हलाही तेच लागतात. मग उरतं काय? १०.६१५ चा क्रिस्टल, त्याचा ट्रिमर (फ्रिक्वेन्सी किंचित सरकवायचा छोटा कंडेन्सर) असल्यास तो, किंवा चॅनेल स्विचच्या ट्रान्समिट पट्टीवरचा तेवढा संपर्क. काही कंपन्यांनी वेगळे आकडे वापरलेत, तेव्हा आधी क्रिस्टलच्या डबीवर काय छापलंय ते वाचा. चार-चारची गटवारी मात्र बहुधा हीच सापडेल.

आधी स्विच. सेट बंद करून पट्ट्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि बटण ३०-४० वेळा पूर्ण फिरवा. डब्ल्यूडी-४० नको, त्याचा चिकट थर मागे राहतो. मग क्रिस्टलच्या पायांचं सोल्डर पुन्हा गरम करा, इतक्या जुन्या सेटमध्ये ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड) असतंच.

तरी फरक नाही पडला तर १०.६१५ आणि १०.६३५ ची आपसात अदलाबदल करा. १९ वर पॉवर आली आणि १, ५, ९, १३, १७, २१ बंद पडले, तर क्रिस्टल मेलाय. १९ बंदच राहिला तर क्रिस्टल चांगला आहे, दोष स्विचमध्ये किंवा ट्रिमरमध्ये. ही चाचणी फक्त डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओमच्या आसपासचा रेझिस्टर) करा. अदलाबदल केल्यावर १९ च्या आकड्यावर सेट प्रत्यक्षात १७ वर बोलतो आणि ऐकतो मात्र १९ वर. तसाच ठेवून दिलात तर हाका मारत बसाल, कुणी उत्तर देणार नाही.

डमी लोड नसेल तर ५१० ओमचे २ वॅटचे १० रेझिस्टर समांतर जोडा, ५१ ओम होतात. कार्बन किंवा मेटल ऑक्साइड घ्या. तारेच्या वेटोळ्याचे घेऊ नका, ते २७ मेगाहर्ट्झला कॉइलसारखे वागतात.

पॉवरवेडा:
दीड वॅटबद्दल. पहिलं म्हणजे ४ वॅटची अपेक्षा सोडा. त्या काळच्या बऱ्याच सेटवर ‘५ वॅट’ लिहिलेलं असतं, पण ते फायनलला मिळणारं इनपुट. अँटेनाला ३ ते साडेतीन मिळाले तर सेट ठणठणीत समजायचा. दीड मात्र कमीच.

सप्लायचा आकडा सप्लायवर नका वाचू. माईक दाबून धरा आणि सेटच्या आत, तारा बोर्डाला लागतात तिथे मोजा. मग रिलेचे कॉन्टॅक्ट. साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टच्या मध्ये धरा, बोटाने हलके दाबा आणि ओढून घ्या. कागद काळा निघेल. तो पांढरा निघेपर्यंत करा. सँडपेपर लावलात तर वरचा मुलामा जातो आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

स्वस्त वॅटमीटरवर फार विसंबू नका. ऑसिलोस्कोप असेल तर ५० ओमवर ४ वॅटला ४० व्होल्ट पीक-टू-पीक दिसतात, दीड वॅटला साडेचोवीस. बोलताना शंभर टक्के मॉड्युलेशनला ४० चे ८० झाले पाहिजेत.

आणि ते गाभे फिरवण्याचं सांगणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे जा! आऊटपुटच्या बाजूला एक कॉइल ५४ मेगाहर्ट्झ अडवायला ठेवलेली असते, कारण २७ ची दुप्पट अमेरिकेतल्या टीव्हीच्या चॅनेल २ मध्ये पडायची. ती फिरवली की काटा थोडा वर सरकतो आणि लोकांना वाटतं पॉवर वाढली. वाढतो तो हार्मोनिक, म्हणजे तीच नको असलेली ५४ ची दुप्पट. बाकीच्या कॉइल लावायच्याच असतील तर प्लॅस्टिकचं अलाइनमेंट टूल घ्या, मेणाचं सील आधी मऊ करा आणि चॅनेल ११-१२ च्या आसपास लावून १ आणि २३ वर ताडून बघा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने गाभा चिरतो, आणि चिरला की तो कॉइलमध्ये कायमचा अडकतो.

खरखर२७:
११ आणि १५ बंदच निघाले! स्विच साफ केला, सोल्डर गरम केलं, फरक शून्य. अदलाबदल केल्यावर १९ वर दीड वॅट आले आणि १, ५, ९, १३, १७, २१ गेले. क्रिस्टल परत जागेवर लावलेत.

सेटच्या आत माईक दाबून ११.९ व्होल्ट, सप्लायवर तेव्हाही १३.८. करंट १.२ अँपिअर. पीएवर बाहेरचा स्पीकर लावून बोललो, तिथेही आवाज बारीकच.

पॉवरवेडा:
१.९ व्होल्ट वाटेत गळतायत. १.२ अँपिअरला म्हणजे जवळपास १.६ ओम. मीटरभर तारेत इतका रोध नसतो, फ्यूज होल्डर पकडा. मिनिटभर ट्रान्समिट करून त्याला बोट लावा, तिथे २ वॅटच्या वर उष्णता होतेय, गरम लागेलच. आतली स्प्रिंग गंजलेली असते. साफ करत बसू नका, नवा होल्डर टाका, फ्यूज मात्र मूळ अँपिअरचाच.

पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून एवढ्यानेच दीडचे २ वॅट होतील. उरलेला वॅटभर रिले आणि सप्लायच्या फिल्टर कंडेन्सरमध्ये शोधा. तेही करून पॉवर अडली तर ड्रायव्हर आणि फायनल मोजायचे, त्याआधी नाही. २एससी१९६९ नावाने विकले जाणारे बरेच नग नकली असतात. शिवाय तुमच्या सेटमध्ये मुळात कोणता आहे ते बघितलंय का? कलेक्टर टॅबला असलेल्या ट्रान्झिस्टरखालची अभ्रकाची चकती बदलताना राहिली तर फ्यूज लगेच उडतो.

दबकाआवाज:
पीएवरही आवाज बारीक, हे बरं झालं. या सेटमध्ये माईकचा अँप्लिफायर आणि ऑडिओ आऊटपुट दोन्हीकडे तेच असतात. रिसीव्हचा आवाज दणदणीत आहे, म्हणजे आऊटपुट ठीक. मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरही संशयातून सुटला. दोष माईक ते पहिला-दुसरा ट्रान्झिस्टर एवढ्याच पट्ट्यात आहे.

फोनचा हेडफोन आऊटपुट घ्या. १०० किलोओम सिरीजमध्ये, पुढे ०.१ मायक्रोफॅरड, मग माईकची ऑडिओ पिन, आणि त्या पिनवरून १ किलोओम अर्थला. ३०० मिलिव्होल्टचे ३ होतात, साधारण डायनॅमिक माईकइतके. पीएवर गाणं जोरात वाजलं तर माईकची कॅप्सूल किंवा दोर गेलाय. दोर बहुधा माईकमध्ये शिरतो त्या वळणावर आतून तुटतो. गाणंही बारीकच वाजलं तर माईकच्या वाटेवरचे १ आणि १० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेत. तेवढेच व्होल्ट किंवा जास्त, १०५ अंशाचे टाका, एकेक काढून एकेक लावा म्हणजे प्लस-मायनस चुकणार नाही. आरएफच्या भागातले सिरॅमिक आणि अभ्रकाचे कंडेन्सर उगाच उचकटू नका.

पुण्याबद्दल: भारतात सीबीचा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आणि कमाल ५ वॅट ईआरपी (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी पॉवर). तुमचा २३ वा चॅनेल २७.२५५ ला संपतो, म्हणजे जुना सेट अख्खा आत बसतो. ४० चॅनेलचा असता तर २८ पासून पुढचे बाहेर गेले असते. आणण्याआधी नियमातल्या बाकी अटी वाचून घ्या.

सोल्डरगन:
क्रिस्टल मागवताना नुसतं ‘१०.६१५’ सांगू नका. फंडामेंटल, पॅरलल, आणि लोड कपॅसिटन्स किती ते सेटच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून बघून लिहा. डबीचा आकार आणि पायांतलं अंतरही मोजा. त्याच जातीचा भंगार सेट मिळाला तर सगळ्यात स्वस्त.

बसवल्यावर डमी लोडजवळ तारेचं एक वेटोळं धरून फ्रिक्वेन्सी काउंटरवर १९ वाचा. २७.१८५ पासून १.३ किलोहर्ट्झच्या आत पाहिजे. मग ३, ७, ११ आणि १५. पाचही सारख्याच फरकाने सरकलेले असतील तर १०.६१५ चा ट्रिमर. एकटाच सरकला असेल तर त्याच्या जोडीचा ३७ चा क्रिस्टल बघा.