"पोरांवर दम्याची ट्रायल नको" म्हणणाऱ्यांना उत्तर

रंकाळाकाठ:
काल एकानं लिहिलं की दम्याच्या औषधांच्या ट्रायल लहान पोरांवर नकोतच, मोठ्यांवर करा आणि चाललं तर डोस अर्धा करून पोरांना द्या. त्यावर लोकांनी धडाधड लाईक ठोकले. मला रात्री झोप आली नाही. माझा पोरगा 7 वर्षांचा आहे, तिसऱ्या वर्षापासून दमा, त्याच्या छातीची शिट्टी मी भिंतीपलीकडून ओळखते. म्हणून लांबडं लिहितेय.

अर्धा डोस देणं हा पण प्रयोगच आहे की! फक्त त्याची नोंद कोण ठेवत नाही. स्टेरॉइडच्या पंपानं उंची खुंटते ही भीती मलापण होती, सासूबाई तर पंप कपाटात लपवायच्या. त्याचं उत्तर कुठून मिळालं? अमेरिकेत कॅम्प नावाच्या अभ्यासात 5 ते 12 वयाची 1041 पोरं घेतली, चार ते सहा वर्षं औषध दिलं आणि पंचविशीपर्यंत त्यांची उंची मोजत राहिले. 2012 ला निकाल आला, ब्यूडेसोनाइड हे पंपातलं स्टेरॉइड घेतलेल्यांची उंची सरासरी 1.2 सेंटीमीटर कमी. तेवढीच. हे मोठ्या माणसांवर कसं कळणार होतं, त्यांची वाढ तर कधीच थांबलेली!

दुसरं. 2019 पासून जिना या दम्याच्या जागतिक संस्थेच्या गाईडलाईनमध्ये 12 वर्षांवरच्यांना नुसता निळा पंप (दम लागल्यावर लगेच आराम देणारा) देऊ नका, सोबत स्टेरॉइड पाहिजेच असं आलं. कारण तोवरच्या मोठ्या ट्रायल 12 च्या वरच्यांवर झालेल्या. खालच्या पोरांना आरामाचा पंप म्हणून ब्यूडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल (स्टेरॉइड आणि श्वासनळी मोकळी करणारं औषध एकत्र) चालतं का, हे तपासणारी न्यूझीलंडची ट्रायल 2025 ला आली, 5 ते 15 वयाची 360 पोरं, निळ्या पंपापेक्षा अटॅक 45 टक्के कमी. म्हणजे मधली सहा वर्षं आमची पोरं वाट बघत बसली.

पन्हाळ्याचा_वारा:
ताई, ते लिहिणारा मीच. 1.2 सेंटीमीटर तुम्हाला "तेवढीच" वाटते. सरासरी आहे ती, कुणाच्या पोराची जास्त पण गेली असेल, त्याच्या आईला विचारा. आणि माझा राग ट्रायलवर नाही, ती कुणावर होते त्यावर आहे. माझ्या चुलतभावाला एका दवाखान्यात इंग्रजी कागदांचा गठ्ठा दिला, म्हणाले सही करा, औषध फुकट मिळंल. तो सातवी शिकलेला, सही केली. पैसेवाल्याचं पोरगं दाखवा ट्रायलमध्ये, मग बोलू.

रात्रपाळी_सिस्टर:
दादा, तुमच्या भावाच्या बाबतीत जे झालं ते चूकच आहे, त्याला कोण बरोबर म्हणणार नाही. माहितीपत्रक पेशंटला कळंल त्या भाषेत लागतंच. 2009 पासून ट्रायलची सीटीआरआयवर, म्हणजे सरकारी ट्रायल-नोंदणीच्या वेबसाइटवर, नोंद सक्तीची आहे, कुणीपण बघू शकतं. लहान पोराची सही आईबाप करतात, पण 7 वर्षांपासून पुढं पोराचापण होकार घ्यायचा असतो. "नको" म्हणालं तर नको. मी बघितलंय, एक पोरगी म्हणाली मला सुई नको, तिथंच विषय संपला.

आणि पाचच्या आतल्यांचं दुखणं वेगळंच. त्यांना फुंकायच्या मशीनवर नीट फुंकता येत नाही, मग दमा आहे का नुसती व्हायरल घरघर हेच कळत नाही.

गुळव्याचा_पोरगा:
सगळे पोरांचं बोलताय. आमच्या वडिलांचं कोण बोलणार? वय 68, चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे. रस आटवायच्या काईलीवर वाकून वाफ आणि चुलवाणाचा धूर दोन्ही छातीत घेतला. त्यांना कुठल्या ट्रायलमध्ये घेतील? बिडी ओढायचे म्हणून बाद, शुगर म्हणून बाद, वय म्हणून बाद. 2007 ला न्यूझीलंडच्या संशोधकांनी तपासलं होतं, त्यांच्या लोकांतल्या दमेकऱ्यांपैकी मोठ्या ट्रायलच्या अटीत शंभरातले जेमतेम चार बसत होते. मग निकाल उरलेल्या 96 ना कसा लावायचा? वडिलांची बोटं संधिवातानं वळत नाहीत, पंप दाबायला आईला उठवावं लागतं पहाटे.

कागलचा_गूळवाला:
आला गुऱ्हाळावर विषय! भावा, फाउंड्र्यांचा धूर दिसत नाही तुला? उसाचा पाला पेटवतात तो? एमआयडीसीतनं येताना डोळं चुरचुरतात त्याचं काय? 2014 ला जीआय (त्या त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालेला कोल्हापुरी गूळ आहे आपला, आणि घरचीच माणसं त्याला विष म्हणायला लागली. गुऱ्हाळं आधीच बंद पडायला लागलीत.

गुळव्याचा_पोरगा:
गुळाला विष कोण म्हणालं? धुराला म्हणालो. चिपाडं ओली असली की धूर मागं फिरतो, माहीत आहे ना तुम्हाला? चिमणी बुटकी ठेवायची आणि चुलवाणात रबराचे तुकडे टाकायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मालक पुढं खुर्चीत बसतो, चुलवाणात जाळ घालणारा जळव्या मागं खोकतो.

कागलचा_गूळवाला:
माझ्याकडं रबर टाकलेलं दाखव, गुऱ्हाळ बंद करतो! एकानं केलं म्हणून सगळ्यांच्या तोंडाला काळं फासू नको. माझा जळव्या वीस वर्षं माझ्याकडं आहे, त्याला कधी विचारलंस?

रात्रपाळी_सिस्टर:
त्याला फुंकायला लावलंय का कधी मशीनवर? वॉर्डात ही माणसं येतात ती साठीनंतर, तेव्हा दमा किती आणि सीओपीडी (धुरानं, बिडीनं फुप्फुसं कायमची खराब होणं) किती हे सांगणं अवघड जातं.

कागलचा_गूळवाला:
नाही लावलं. खोटं कशाला बोलू.

रंकाळाकाठ:
धूर महत्त्वाचा आहेच, पण माझा प्रश्न राहिला. पन्हाळ्याचा वारा, अर्धा डोस म्हणताय, तुम्ही कुणाला देताय का?

पन्हाळ्याचा_वारा:
देतोय. पोरगी 4 वर्षांची. माझ्या आईची दम्याची मॉन्टेलुकास्टची 10 मिलीग्रॅमची गोळी अर्धी करून. सहाच्या वरच्या पोरांना 5 चीच मिळते की दुकानात, मग हिशोब बरोबरच आहे ना?

रंकाळाकाठ:
6 ते 14 ला 5, ते खरं. पण 2 ते 5 वयाला 4 ची वेगळी चघळायची गोळी आहे. वजनाच्या हिशोबानं गेला असता तर तुमच्या पोरीला अडीच आली असती, आजीच्या गोळीच्या हिशोबानं पाच दिलीत, दोन्ही चूक. पोरांच्या रक्तात औषध किती चढतं हे पोरांमध्येच मोजलं तेव्हा 4 ठरलं. आणि ही गोळी डॉक्टरांना विचारून देताय का? मार्च 2020 ला अमेरिकेत तिच्यावर ठळक इशारा छापायला लावलाय, चिडचिड, वाईट स्वप्नं, मनावर परिणाम.

पन्हाळ्याचा_वारा:
पोरगी पंधरा दिवस रात्री दचकून उठतीय. आम्ही म्हटलं दृष्ट लागली.

उद्या दवाखान्यात नेतो. पोरांवर अभ्यास झाला पाहिजे, मान्य. पण कागद मराठीत आणि समजावून सांगणारा माणूस समोर नसंल तर माझी सही मिळणार नाही, यावर मी हटणार नाही.

रात्रपाळी_सिस्टर:
हटू नकाच. जाताना गोळीचं पाकीट सोबत न्या, आणि किती दिवस दिली ते सांगा. लपवू नका.

कागलचा_गूळवाला:
गुळव्याच्या पोरा, चिमणी औंदा पंधरा फूट वाढवलीय. वडिलांना घेऊन ये, त्यांनीच सांगावं धूर मागं येतो का. आणि माझ्या जळव्याला कुठं तपासायचं ते सिस्टर सांगतील तिथं नेतो.

गुळव्याचा_पोरगा:
आणतो. पण चुलवाण पेटवायच्या आधी, सकाळी. पेटलं की त्यांना आत पाय टाकता येत नाही.