अ‍ॅलोकेशन, अ‍ॅलॉटमेंट, असाइनमेंट : तिन्हींना 'वाटप'च?

टिपणवही : हौशी रेडिओच्या परवाना-परीक्षेची पुस्तिका मराठीत करते आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत पहिल्याच कलमात अडले. वरचे तिन्ही शब्द तिथे लागोपाठ येतात आणि कोशात तिन्हींपुढे फिरून 'वाटप'च सापडतं. पण घेणारा दर वेळी वेगळा आहे. अ‍ॅलोकेशनमध्ये वारंवारतांचा पट्टा सेवेला मिळतो : सागरी, हवाई, हौशी, रेडिओ खगोलशास्त्र. अ‍ॅलॉटमेंटमध्ये संघाच्या परिषदेने मान्य केलेल्या आराखड्यातला चॅनल देशांसाठी ठरतो. असाइनमेंटमध्ये एखाद्या देशाचं प्रशासन एका केंद्राला विशिष्ट वारंवारता वापरू देतं. सगळीकडे 'वाटप' लिहिलं तर परवानेही संघच देतो असा समज होईल. ते तर 18व्या कलमानुसार ज्या त्या देशाच्या सरकारचं काम.

दर्यावर्दी : पहिल्याला 'राखीव' म्हणा. जहाजावर रेडिओ सांभाळायचो तेव्हा संकटातल्या हाकेसाठीच्या चॅनल 16 वर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झवर, कुणी गप्पा मारू लागलं की "सोळा राखीव आहे, दुसरीकडे जा" असंच सांगायचो. कोश कुणी उघडला नाही, पण सगळ्यांना कळायचं.

टिपणवही : चॅनल 16 ला शोभतो. 1400 ते 1427 मेगाहर्ट्झलाही शोभेल. अवकाशातल्या हायड्रोजनचा 1420 मेगाहर्ट्झचा नैसर्गिक संकेत, म्हणजे त्याची 'रेषा', ऐकता यावी म्हणून तिथे प्रक्षेपणच निषिद्ध आहे. पण बहुतेक पट्ट्यांत दोन-तीन सेवा एकत्र नांदतात. त्यांना राखीव कसं म्हणू?

मूळधातू : 'नियतन', 'आवंटन', 'अभ्यर्पण'. प्रश्न संपला. आणि 'वारंवारता' आधी काढा. वारंवार म्हणजे पुन्हा पुन्हा, त्यात कंपन कुठे आहे? विश्वकोशात 'कंप्रता' हा नेटका शब्द आहे.

लांबलहर : शाळेपासून मुलं 'वारंवारता' शिकतात, संख्याशास्त्रातही तोच. रूढ शब्द उपटून काय साधणार? 'अभ्यर्पण' वाचून परीक्षार्थी पुस्तिका मिटून ठेवेल.

मूळधातू : रूढी म्हणजे प्रमाण नव्हे. सवय आज लावली तर उद्या रूढ होईल. 'परवाना' फारसी, त्याऐवजी 'अनुज्ञप्ती' चालते की.

लांबलहर : परवाना शतकानुशतकं मराठीच आहे. लिलाव पोर्तुगीजांकडून आला, म्हणून स्पेक्ट्रमचा लिलाव बंद करायचा?

वाटसरू : मूळ प्रश्नाकडे या. मराठीत 'वाटप' आणि 'वाटणी' एक नाहीत. वाटप करणारा वर उभा असतो; वाटणीत प्रत्येकाचा हक्काचा हिस्सा असतो. नियमावलीच्या 30ब परिशिष्टात उपग्रहसेवेसाठी प्रत्येक देशाचा हिस्सा आधीच ठरलेला आहे, उद्या उपग्रह सोडणाऱ्यालाही जागा उरावी म्हणून. ती वाटणीच. फ्रेंचमध्येही 'अलोतिस्मां', त्यात 'लो' म्हणजे वाटा. आणि वाद झाला तर संघात फ्रेंच पाठच ग्राह्य धरतात.

टिपणवही : वाटणी आवडली! मग केंद्राला 'नेमून देणे', देशाला 'वाटणी'. सेवेचं मात्र अजून अडलंय.

मूळधातू : वाटणी सावत्र भावांच्या भांडणाची आठवण करून देते. कायद्याच्या पुस्तिकेत नको.

वाटसरू : या परिषदांत भांडणंच होतात. 1906च्या बर्लिन परिषदेपासून चालू आहेत.

दर्यावर्दी : सेवेला 'मुक्रर करणे' चालेल?

मूळधातू : पुन्हा अरबी!

टिपणवही : कुठला पट्टा कुठल्या सेवेला, हे दाखवणाऱ्या नियमावलीतल्या तक्त्याचं दुसरंच संकट समोर आलंय. इंग्रजी तक्त्यात प्राथमिक सेवेचं नाव सगळं मोठ्या लिपीत असतं, दुय्यम सेवेचं साध्या. दुय्यम सेवेने प्राथमिकला व्यत्यय आणायचा नाही आणि प्राथमिककडून आला तर तक्रारही करायची नाही. 430 ते 440 मेगाहर्ट्झ संघाने केलेल्या जगाच्या तीन विभागांपैकी पहिल्यात हौशींना प्राथमिक आहे, तिसऱ्यात दुय्यम. म्हणजे परीक्षार्थीसाठी हा भेद जीवनमरणाचा. देवनागरीत मोठी लिपी नाही. ठळक छापू?

लांबलहर : ठळक टंक छायाप्रतीत नाहीसा होतो. अधोरेखित करा.

मूळधातू : अधोरेखेने उकार आणि ऋकार यांची वाट लागते. नावापुढे 'प्रा.' आणि 'दु.' लिहा.

दर्यावर्दी : 'प्रा.' वाचून प्राध्यापक वाटेल. 'अव्वल' आणि 'दुय्यम' लिहा, जोडी जुनीच आहे.