मौन म्हणजे माघार नव्हे

गृहकर्जासाठी अर्ज केलेल्या ग्राहकाने पुढे काही कळवलेच नाही, तर बँकेने अर्ज ‘मागे घेतला’ असे नोंदवून मोकळे व्हावे, हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला पटत नाही. अमेरिकेतील रेग्युलेशन सी, म्हणजे प्रत्येक गृहकर्ज अर्जाचे पुढे काय झाले हे कोडने सरकारला कळवण्याचा नियम; त्यानुसार कोड 4, म्हणजे ‘अर्जदाराने मागे घेतला’, लावायचा, तर बँकेच्या निर्णयापूर्वी अर्जदाराने स्पष्टपणे माघार घेतलेली असावी लागते. कागदपत्रे अपुरी राहिली असतील, तर कोड 5, म्हणजे ‘अपूर्ण म्हणून फाइल बंद’, आहे. मात्र कोणती माहिती हवी आणि ती कधीपर्यंत, हे सांगणारी लेखी नोटीस रेग्युलेशन बीप्रमाणे (कर्ज देताना भेदभाव होऊ नये यासाठीचा नियम) आधी गेलेली असली पाहिजे आणि त्यातली मुदत उलटलेली असली पाहिजे.

प्रतिप्रस्तावाचा मुद्दा मात्र अजून कोणी काढलेला दिसत नाही. अर्जदाराने 3 लाख डॉलर मागितले, बँकेने अडीच लाख देऊ केले आणि त्याने ते नाकारले किंवा उत्तरच दिले नाही, तर मूळ मागणी नामंजूर झाली असे धरून कोड 3, म्हणजे ‘नामंजूर’, नोंदवावा लागतो. ही माहिती सरकारकडे पाठवण्याच्या 1 मार्चच्या मुदतीआधी आम्ही केलेल्या तपासणीत अशा काही फायली कोड 2 खाली, म्हणजे ‘मंजूर, पण स्वीकारले नाही’ या सदरात सापडल्या, कारण कर्ज अधिकाऱ्याने शेऱ्यात ‘मंजूर, ग्राहकाला नको’ एवढेच लिहिले होते. (त्याच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते.) तेव्हापासून आम्ही शेऱ्यावर विसंबत नाही, अर्जातली रक्कम आणि ग्राहकाला गेलेल्या पत्रातली रक्कम शेजारी ठेवून मगच कोड भरतो.